वर चार, खाली किती?

सर, तुम्हाला त्या क्लासवाल्याने फसवलं. आधी त्याने तुमच्या विद्यार्थ्यांच्या खांद्यावर तुमच्याच हातून शाली घालून घेतल्या, मग ते विद्यार्थी स्वतःचे म्हणून मिरवले, आणि आता तुम्ही गेल्यावर तुमचा फोटोसुद्धा सोडला नाही. हे पहिल्याच ओळीत लिहून मोकळा होतो. तुम्ही असता तर म्हणाला असता, "बाबल, आधी चाय पी, मगे बोल." चहा झालाय. आता बोलतो.

तुमची सातव्या दिवसाची मिसा, चर्चमधली प्रार्थना, काल झाली. मी शेवटच्या बाकावर होतो. तिथे कधी उठायचं आणि कधी गुडघे टेकायचे ते मला अजून कळत नाही, म्हणून पुढच्या माणसाची पाठ बघून करत होतो. तुमच्या मिसेस, आमच्या टीचर, पहिल्या बाकावर ताठ बसल्या होत्या. शाळेत मुलांवर नजर ठेवावी तशी त्यांनी एकदा मागे वळून मी आलोय का ते बघून घेतलं. बाहेर पडून तिठ्यावर आलो तर समोर भला मोठा फ्लेक्स. तुमचा हसरा फोटो. खाली लिहिलंय, "आमचे मार्गदर्शक इनास सर यांना भावपूर्ण श्रद्धांजली." त्याच्या खाली रविवारच्या शोकसभेचा पत्ता, तोही क्लासच्याच हॉलचा. आणि अगदी तळाला, नाकासमोर धरल्याशिवाय दिसू नये अशा अक्षरात, "नवीन बॅचचे प्रवेश सुरू."

माझं डोकं फिरलं. गाडीत कोयता असतो, तुम्हाला माहीत आहे. पण तुम्ही एकदा याच तिठ्यावर माझं मनगट धरलं होतंत ते आठवलं आणि हात खिशात घातला. तुमच्या बोटांत एवढा जोर कुठून आला होता, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं.

आपली ओळखच भांडणाने झाली. मी मालवणच्या बाजारात टेम्पो लावून आंबे विकत होतो. दहावीनंतर मिठबावच्या बागांतून पेट्या उचलत मोठा झालेला माणूस मी, मला कोणी भाव शिकवायचा नाही. तुम्ही मुंबईच्या कॉलेजातून संख्याशास्त्र शिकवून निवृत्त होऊन नुकतेच घरी परतला होतात. हातात कापडी पिशवी, डोक्यावर ती टोपी. मी पेटी उघडली आणि वरची ओळ दाखवली.

"वरची ओळ तू लावलेली," तुम्ही म्हणालात. "ती तुझी परीक्षा झाली, आंब्याची नाय." आणि रस्त्याकडे बघत पेटीच्या गवतात कोपरापर्यंत हात घातलात.

"घ्यायचा तर घ्या, नाहीतर वाट धरा," मी ओरडलो. "मी पण माल घेताना खालचा थर बघतो. मला शिकवू नका."

"नेहमी खालचोच बघतंस?"

"नेहमी."

"मगे तुका विकणारो बरे आंबे खालीच घालतलो मरे. आणि वायट मधी."

त्याच हंगामात एका बागवाल्याने मला अगदी तसंच फसवलं होतं, आणि मी तो डाव अजून कोणाला सांगितला नव्हता. तुम्ही पेटीवर थाप मारलीत. "हरेक आंब्याक माझ्या हातात येवची सारखीच संधी होयी. तुझी मर्जी नको, माझी पण नको." मग पेटी घेतलीत, भाव पाडून. माझ्याकडून भाव पाडून घेणारी माणसं या किनाऱ्यावर फार नाहीत. माझ्या टेम्पोवर तेव्हा लिहिलेलं होतं, "हजारो समाधानी ग्राहक". जाताना तुम्ही त्याकडे बोट दाखवून विचारलंत, "आणि असमाधानी किती?"

मी त्याच संध्याकाळी माझ्या पोरीला, मानसीला, सांगितलं, मालवणात एक खवट म्हातारा आलाय, त्याच्याकडे जायचं. ती तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, विषय संख्याशास्त्र. नातेवाईक म्हणत होते बँकेच्या परीक्षा दे. तुम्ही पडवीत तिला समोर बसवलंत आणि दोन शब्द सांगितलेत जे मी आधी ऐकले नव्हते, बायोस्टॅटिस्टिक्स आणि एपिडेमिऑलॉजी. मी विचारलं, दोघांत फरक काय आणि कुठलं जास्त चालतं?

"बायोस्टॅटिस्टिक्सवालो आजाराच्या आकड्यांतसून अर्थ काढता," तुम्ही म्हणालात. "एपिडेमिऑलॉजीवालो आधी आकडो खंयसून इलो तां बघूक जाता. कोणाक ताप इलो, कोणाक नाय, कोण घरात होता, कोण रानात. तेका चपला झिजवची लागतत."

"मग पहिलं बरं," मी म्हणालो. "माझ्या पोरीने चपला कशाला झिजवायच्या? मी झिजवल्यात तेवढ्या पुरे."

तिथून आपले वाद सुरू झाले, आणि ते संपलेले नाहीत. तुम्ही गेलात म्हणून मी हरलो असं समजू नका.

दर रविवारी मी तिला आचऱ्याच्या पुलावरून तुमच्याकडे आणायचो. तुमची चर्चमधली मिसा आटोपली की पडवीत वर्ग भरायचा. हळूहळू आणखी तीन मुलं आली. फी तुम्ही घेतली नाहीत. कोणी बांगडे आणून दिले तर टीचर आत नेऊन ठेवायच्या आणि तुम्ही न बघितल्यासारखं करायचात. मी पायरीवर बसून फोनवर माल विकायचो आणि एका कानाने ऐकायचो. प्रवेश परीक्षेची गणितं माझ्या डोक्यावरून जायची. पण एकदा तुम्ही मला हाक मारलीत. "बाबल, देवळात कौल कसो लावतत तां ह्या पोरांक सांग."

मी सांगितलं. पाषाणाला पाण्याने फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालून प्रश्न सांगायचा, उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. तुम्ही मुलांकडे वळलात. नवीन औषध कुठल्या पेशंटला द्यायचं आणि कुठल्याला जुनंच ठेवायचं हे डॉक्टरवर सोडलं तर तो नकळत धडधाकट माणसाला नवीन देईल, आणि मग गुण औषधाचा की माणसाचा हे कळायचं नाही. म्हणून ठरवणं कौलावर सोडायचं. सगळ्यांना पटलं. मी मात्र व्यवहारी माणूस. म्हटलं, "सर, पण पाकळी ओली किती लावायची ते गुरवाच्या बोटात असतं. त्याला प्रश्न माहीत असला तर?"

तुम्ही खुर्चीतून उठलात. खरंच उठलात. "बघा, बघा, ह्यो खरो बाजारवालो! पाकळी लावणाऱ्याक प्रश्न कळता नये. पुस्तकात ह्याका पुरा एक प्रकरण आसा." त्या दिवशी मला तुमच्याकडून दुसरा कप चहा मिळाला.

आणि तोच प्रश्न माझ्यावर उलटला. मानसीला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला, एकीकडे बायोस्टॅटिस्टिक्स, दुसरीकडे एपिडेमिऑलॉजी. तुम्ही म्हणालात, तिचं ती ठरवील. मी म्हटलं, देव ठरवील. तिला घेऊन ग्रामदेवतेकडे गेलो. कौल लावला, उजवी पाकळी झटकन पडली, बायोस्टॅटिस्टिक्स. मी हात जोडले. मानसीने गुरवाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बाबा, तुमी सकाळी एकटेच हयसर इल्लास?"

गुरव खाली बघून हळदकुंकू आवरायला लागला. अर्थात आलो होतो. सौद्याच्या जागी आधी जाऊन बोलणं करून ठेवलं नाही तर तो सौदा कसला? माझ्यासारखे इथे सगळेच बाप आधी जाऊन येतात. पण माझ्याच मुलीने मला देवासमोर विचारलं, आणि तिला विचारायला शिकवलं तुम्ही. ती एपिडेमिऑलॉजीला गेली. तुम्ही हे ऐकून इतके हसलात की टीचर पाणी घेऊन धावल्या.

त्या प्रवेशाच्या मुलाखतीची तयारी तुम्ही तिच्याकडून कशी करून घेतली होती तेही मला पाठ आहे. "हा विषय का निवडला?" तुम्ही विचारायचात आणि ती पुस्तकातलं बोलायची. "तू मिठबावची गो," तुम्ही म्हणायचात, "तुझ्या तोंडात दुसरोच माणूस कित्याक बोलता?" शेवटी ती तिकडे जाऊन माकडतापाबद्दल बोलली. काजूच्या दिवसांत बागेत बिया वेचणाऱ्यांना तो ताप येतो. तिच्या मावशीच्या वाडीत आरोग्य खात्याचं कोणी दुपारी ताप विचारायला आलं, तेव्हा वेचणारे सगळे बागेत. घरात एकटी म्हातारी, आणि तिला ताप नव्हता. "उत्तर कोणी खोटं दिलं नव्हतं, विचारायची वेळ चुकली होती," मानसीने सांगितलं. समोरचे लोक लिहायचे थांबले म्हणे. तुम्ही ती गोष्ट माझ्याकडून किती वेळा सांगून घेतलीत!

चारही मुलांना प्रवेश मिळाला. आणि मग आला तो क्लासवाला.

त्याचा सत्कार समारंभ तुम्हाला आठवतोय. "तालुक्यातील गुणवंतांचा गौरव." मुलांना शाल, श्रीफळ. तुम्हाला मानाने स्टेजवर बोलावलं आणि म्हणाला, सर, शाल तुमच्या हस्ते. तुम्ही भोळेपणाने घातल्यात. फोटो निघाले. पुढच्या आठवड्यात गावोगाव फ्लेक्स. चार मुलांचे चेहरे, मध्ये संचालक महाशय हात बांधून, आणि वर, "बायोस्टॅटिस्टिक्स आणि एपिडेमिऑलॉजी प्रवेशाची आमची परंपरा." माझी पोर त्या क्लासच्या दारात एकदाही गेली नव्हती. तुम्हाला फोटोतून कापलं होतं. मानसीच्या खांद्यावर शाल धरलेली तुमची बोटं तेवढी राहून गेली होती.

मी कोयता काढला तो तेव्हा. तुम्ही मनगट धरलंत.

"फाडून काय होतला? उद्या नवो लावतलो."

"मग काय करू? टाळ्या वाजवू?"

"तेका इचार, वर चार आसत. खाली किती?"

मला कळलं नाही. तुम्ही तिठ्यावरच्या धुळीत चपलेच्या टोकाने एक आडवी रेघ ओढलीत. वरती किती जणांना मिळालं ते. खाली किती जण बसले होते ते. पेपरवाला, फ्लेक्सवाला, औषधवाला, सगळे वरचं सांगतात. रेघेखालचं कोणी सांगत नाही, आणि सगळं खरं-खोटं तिथेच असतं. मी म्हटलं, चला आत्ताच विचारू, क्लास समोरच आहे. तुम्ही मान हलवलीत. "आधी आपल्याक म्हायती होयी. नायतर तो कायव सांगतलो आणि तू ऐकून घेतलंस."

असं म्हणून तुम्ही मला कामाला लावलंत. त्या क्लासला भुलून ज्यांनी पोरं तिकडे घातली होती आणि ज्यांच्या पोरांना कुठेच प्रवेश मिळाला नाही, त्यांना शोधायचं. मी डिझेल घालायचं आणि तुम्ही पत्ते विचारायचे. टेम्पोच्या पुढच्या सीटवर टोपी मांडीवर ठेवून तुम्ही बसायचात. शिरोड्यापासून देवगडपर्यंत आपण फिरलो. मी प्रत्येक घरी संतापून बोलायचो आणि तुम्ही माझ्या पायावर पाय द्यायचात. "तू आधी रागावलंस काय ते लोक तुका आवडात तांच सांगतले. गप बस."

रेश्माचं घर मी विसरणार नाही. अंगणात काजूच्या बिया वाळत होत्या. तिची आई उभीच राहिली, आपल्याला बसायला सांगून. क्लास लावला होता का, या प्रश्नावर तिने आधी दाराकडे बघितलं.

"लावललो," ती म्हणाली. "त्या पोरांक मिळाला मा? फोटो बघितलंव आमी. आमच्याच चेडवात काय तरी कमी असतला."

रेश्मा आतून ऐकत होती. तुम्ही पाणी मागितलंत, म्हणून तिला बाहेर यावं लागलं. पाणी प्यायलात आणि तिला एक साधा प्रश्न घातलात, पेटीतले आंबे आणि हात घालण्याचाच. तिने विचार करून बरोबर उत्तर दिलं. मग तुम्ही विचारलंत, क्लासमध्ये हा भाग कधी शिकवला? तिला आठवेना. तिथे बँकेच्या परीक्षेची गणितं करून घेत होते. तिच्या विषयाला मास्तरच नव्हता.

"तू एकटी नाय गो," तुम्ही म्हणालात. "अशी खूप घरां आसत. आमी जावन इलंव."

त्या बाईने पदर तोंडाला लावला. मी तोवर समजत होतो की आपण क्लासवाल्याला पकडायला फिरतोय. त्या अंगणात पहिल्यांदा समजलं तुम्ही कशासाठी फिरत होता. फ्लेक्सवरचे चार सगळ्या जिल्ह्याला दिसतात. राहिलेले एकमेकांना दिसत नाहीत. प्रत्येक घर दार लावून बसलेलं, आपल्याच मुलात खोट आहे असं धरून. ताप आलेली वाडीही तशीच बसते, तुम्ही टेम्पोत म्हणालात. एकाने मोजल्याशिवाय कोणाला कळत नाही की ताप सगळ्यांनाच आहे. सर, मानसीने चपला झिजवायचा विषय घेतला त्याबद्दल माझी तक्रार त्या दिवशी संपली. हे मी तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही लगेच चहा मागितला असता आणि आठवडाभर मिरवला असता.

रेश्मा पुढच्या रविवारपासून तुमच्या पडवीत यायला लागली. पण आपलं भांडण नव्याने सुरू झालं. मी म्हणत होतो, एवढी घरं झाली, पुरे, चला त्याच्याकडे. तुम्ही म्हणायचात, अजून राहिलीत. काही जण गोव्याला कामाला गेले, काहींची घरं बंद. "जे भेटले नाय, तेंका नाय धरून चलाचा नाय, बाबल. कदाचित तेंकाच सगळ्यात जास्त लागला असात."

"सर, तोवर तो आणखी पोरं घेईल!"

"म्हणान अर्धो आकडो घेवन जावचा?"

"अर्ध्या आकड्याने त्याचं थोबाड फुटेल!"

"आणि तेना चूक दाखवल्यान तर आपला फुटतला."

हे आपलं शेवटचं बोलणं, टेम्पोच्या काचा वर करून, दोघेही घामाघूम. मी तुम्हाला दारात सोडलं आणि गाडी बंद न करताच निघालो. तुम्ही टोपी सीटवर विसरलात. दोन दिवसांनी देतो म्हटलं, तेवढ्यात टीचरचा फोन आला. छातीत कळ आली आणि संपलं. टोपी अजून गाडीत आहे. टीचरना द्यायला नेली होती, त्या म्हणाल्या, "ऱ्हवांदे तुझ्याकडे, तेंका त्याच सीटीर बसाक आवडायचा."

मानसी फोनवर रडली आणि रडता रडता म्हणाली, "बाबा, राहिलेल्या घरांचं काय?" तुमचीच चेली.

मी सात दिवस त्यावर विचार केला. तुमच्यासारखं शांतपणे मला जमत नाही, मी आंब्यांना गवत घालता घालता विचार करतो. आणि सर, मला तुमची चूक सापडली. माझीही. मी अर्धा आकडा घेऊन जायला निघालो होतो, तुम्ही पुरा आकडा गोळा करायला. पण तो आकडा दारोदार शोधायची गरजच काय? तो आहे की एका माणसाकडे. कोण आलं, कोणाला काय शिकवलं, कोणाला प्रवेश मिळाला, सगळं ज्याच्या हाताखालून गेलं तो रोज संध्याकाळी क्लास उघडतो. बाजाराचा नियम आहे, ज्याची पेटी त्याने उघडून दाखवायची. गिऱ्हाइकाने घरोघर फिरून तिच्यात काय होतं ते विचारायचं नसतं. पहिल्या भेटीत तुम्ही माझ्याच टेम्पोवर हेच केलं होतंत. मग त्याच्या दारात तुमचा हात का थांबला? तो काहीही सांगेल म्हणालात, पण त्या पोरांच्या आया समोर बसल्या तर कसं सांगेल?

यावर तुम्ही काहीतरी उत्तर काढलं असतंत. टोपी खाली ठेवून म्हणाला असता, "पण बाबल..." त्या 'पण'च्या पुढचं मला ऐकायचं होतं. ते आता नाही. म्हणून या एका वादात मी जिंकलो असं धरतो आणि पुढे जातो. राहिलेली घरंही मी करणार आहे. रेश्मा सोबत येते म्हणालीय, आणि तिला माझ्या पायावर पाय द्यायला सांगून ठेवलंय.

आता तुमच्याशी बोलणं थांबवतो, सर. मला दुसऱ्या माणसाशी बोलायचंय.

संचालक महाशय, तुम्ही मला मानसीचा बाप म्हणून रविवारच्या शोकसभेत दोन शब्द बोलायला बोलावलंय. मी येतोय. मी पहिल्या रांगेत असेन. माझ्या शेजारी टीचर असतील, त्यांच्या मांडीवर सरांची टोपी असेल. मागच्या रांगांत मी आणलेल्या ज्या बाया बसतील त्यातली रेश्माची आई तुम्ही ओळखाल. बाकीच्यांनाही ओळखायला हवं, त्यांनी तुमच्या हातात पोरं दिली होती. सरांचं गुणगान करायला उभे राहाल तेव्हा मी मध्ये बोलणार आहे, आणि माझा आवाज बाजारातला आहे, त्याला माईक लागत नाही. तुम्ही सरांना मार्गदर्शक म्हणता ना? मग त्यांचाच प्रश्न आहे. त्या चारांपैकी एकालाही तुम्ही शिकवलं नाहीत, ते राहू दे. तुमच्या दारातून किती पोरं आत गेली, त्यांना त्यांच्या विषयाचं काय शिकवलंत आणि त्यातल्या किती जणांना कुठे प्रवेश मिळाला? सगळ्यांच्या आयांसमोर सांगायचं, आणि ते सांगेपर्यंत सरांच्या फोटोला हार घालायचा नाही.

फ्लेक्सवर चार आहेत. खाली किती? पेटी तुमची आहे. उघडा.